खूण सांगितल्याशिवाय पोर मिळणार नाही

संपादकांचा फोन आला, ‘बाई, नोकरीवर काहीतरी लिहा, पण नेमणूक, बदली, बढती हे नको.’ मला बरंच वाटलं. माझ्या बदल्या सेवापुस्तकात आहेत आणि त्या वाचून आजवर कोणाची करमणूक झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा एवढंच सांगते की, मी मूळची अंबाजोगाईची, आणि निवृत्त झाले ती जिल्हा परिषदेच्या एका आठवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. शाळा केज तालुक्यात, नांदूरघाटच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. गावाचं नाव मी घालणार नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. मुलांबद्दल बाहेर बोलताना नाव गाळायचं ही सवय इतकी अंगात मुरली आहे की, माझी नातवंडं म्हणतात, आजी शेजारच्या कुत्र्याबद्दलसुद्धा ‘सदर कुत्रा’ असं बोलते.

शिक्षक म्हणजे शिकवणारा, असा लोकांचा समज असतो. आमच्या भागात ते काम निम्मं. उरलेलं निम्मं म्हणजे अमुक मूल आत्ता कुठं आहे, कोणाजवळ आहे आणि नीट आहे ना, हे रोजच्या रोज ठाऊक असणं. पुस्तकात याला बालसंरक्षण म्हणतात. आमच्या स्वयंपाकीण शेवंताबाई त्याला ‘पोरं मोजणं’ म्हणायच्या. संध्याकाळी पंगत बसली की, वाढण्याआधी त्या डोकी मोजत आणि आकडा माझ्याकडे बघून मोठ्यानं सांगत. आकडा जुळला की मगच डाळीचं पातेलं उघडायचं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या सहकारी साखर कारखान्यांवर निघतात, कोणी पश्चिमेकडं, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून जी जोडी होते तिला ‘कोयता’ म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकट्या माणसाचा कोयता होत नाही, हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल. परत येणं पाडव्याच्या आसपास. मधल्या काळात पोरं मागं राहावीत आणि शिकावीत म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं असतात ती पोरं शाळेत जेवून घरी झोपायला जातात. बाकीची वर्गातच सतरंज्या टाकून झोपतात, मुलींच्या खोलीत शेवंताबाई.

दुष्काळाच्या साली हे गणितही बिघडायचं. मी सांगते आहे त्या वर्षी तर पाऊस असा काही झालाच नाही. टँकरची वाट बघण्यात गावाचा दिवस जायचा. जनावरांसाठी दूध संघानं माळावर चारा छावणी काढली होती, आणि म्हातारी माणसं आपापली गुरं घेऊन तिथं राहायला गेली. म्हणजे आई-बाप कारखान्यावर, आजी-आजोबा छावणीत आणि पोरं शाळेत. एका घराच्या तीन ठिकाणी चुली. छावणीत जनावरांची हजेरी रोज सकाळ-संध्याकाळ व्हायची, कानातला बिल्ला तपासून. मी शिक्षण खात्याच्या साहेबांना एकदा म्हटलंही, म्हशीची जेवढी नोंद आहे तेवढी माझ्या पोरांची करायला मला एक तरी माणूस द्या. साहेब हसले. माणूस काही मिळाला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वसतिगृहातलं मूल मध्येच न्यायला कोणी आलं, तर द्यायचं कसं? सरकारी नमुन्यात न्यायला येणाऱ्याचं नाव, नातं आणि सही एवढंच होतं. आमच्याकडं अर्धं गाव एकमेकांचं मामा-काका. आणि आई-बापाला विचारावं तर ते उसाच्या फडात, फोन नवऱ्याच्या खिशात, त्यालाही रेंज नाही. येणाऱ्या प्रत्येकावर संशय घेतला तर गावात राहणं कठीण, आणि विश्वास ठेवला तर रात्री झोप लागणं कठीण.

तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली. आमच्या गल्लीत कोणी दुसऱ्याच्या हाती वस्तू मागवली, एखादी पाटली किंवा मोठं पातेलं, तर आई दारात आलेल्याला आधी विचारायची, ‘खूण काय सांगितलीय?’ मागवणारीनं निरोप्याजवळ दोघींनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट सांगून पाठवलेली असायची. ती बरोबर निघाली तर वस्तू मिळायची, नाहीतर पाणी पिऊन परत जा. मी म्हटलं, पातेल्याला एवढी काळजी, तर पोराला का नको?

मग टोळ्या निघायच्या दिवसांत मी प्रत्येक मुलाच्या आईला शाळेत बोलावू लागले. आईलाच, कारण बाप खूण सांगायला बसले की पुढाऱ्याचं नाव सांगायचे. आई, मूल आणि मी, तिघंच बसायचो. आई खूण सांगायची. कोणाच्या घरी कोंबडा विहिरीत पडला होता, कोणाच्या आत्याच्या लग्नात नवरदेवाचीच चप्पल गेली होती. हसून हसून पोट दुखायचं. जाणाऱ्या बायका रडायच्या ऐवजी हसत उठायच्या, हा त्यातला मी न ठरवता झालेला फायदा. आई स्वतः आली तर खूण लागत नसे. बाकी सगळ्यांना लागे. दारावर मी खडूनं लिहूनच टाकलं होतं : खूण सांगितल्याशिवाय पोर मिळणार नाही.

तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘या खुणांची नोंदवही कुठं आहे?’

म्हटलं, ‘नाही.’

‘नोंदवहीशिवाय कसं चालेल? लिहून ठेवा.’

‘साहेब, लिहिली तर ती खूण कसली?’

त्यांनी शेऱ्यात ‘अभिलेख अपूर्ण’ असं लिहिलं. कागदाच्या बाबतीत मी फार कडक बाई आहे, जन्मतारखेतल्या खाडाखोडीवरून मी भल्याभल्यांशी भांडले आहे. पण तो एक शेरा मी आनंदानं सही करून घेतला.

तक्रारपेटीचंही सांगायला पाहिजे. शाळेत तक्रारपेटी लावा, समितीसमोर उघडा, असा आदेश आला. माझ्या मनात भीती, आतून काय निघेल कोण जाणे. पहिल्या आठवड्यात पेटीत एकच कागद निघाला, आणि त्यावर नुसतं पळीचं चित्र. समिती चिंतेत पडली. पहिलीतल्या ज्या मुलीनं काढलं होतं तिला कडेवर घेऊन शेवंताबाईंनी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. वाढणारी मोठी पोरं आपल्या दोस्तांना पळी खाली घालून घट्ट डाळ देत, आणि लहानग्यांना वरचं पाणी. त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, ‘डाळ प्रत्येक वेळी ढवळून वाढावी, असे सर्वानुमते ठरले.’ हा ठराव माझ्या नोकरीतला सर्वांत उत्तम ठराव आहे असं माझं आजही मत आहे. त्यानंतर लहान पोरं पेटीत मोठ्या गोष्टीही टाकायला लागली, कारण पळीचं ऐकलं जातं हे त्यांना कळलं होतं.

खुणा चुकायच्याही. एक आजोबा दोन सुनांच्या दोन लेकींना जत्रेला न्यायला आले, आणि एकीची खूण दुसरीला सांगून बसले. दोन्ही पोरी ओरडून सांगतायत, ‘आबा, ती माझी न्हाई, हिची हाय,’ आणि आजोबा रागानं म्हणतायत, ‘खुणा सांगून तुमच्या आया गेल्या, डोकं माझं पिकलं.’ त्यांना मी चहा दिला आणि पोरी पाठवल्या. म्हणजे चुकलेली खूण ऐकली की लगेच पोलिसाला बोलवावं, असं काही नव्हतं.

त्या दुष्काळी वर्षी आठवीत सविता नावाची मुलगी होती. वाडीवरची. आई-बाप तोडीला, आजी म्हैस घेऊन छावणीत, म्हणून ती शाळेतच झोपायची. अभ्यासात मधली, पण लहान पोरांना गोष्टी वाचून दाखवायला बसली की वर्ग गप्प. तिची आई काशीबाई. त्या शाळेची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या, पण दिवसभरात किती मोळ्या वाहिल्या याचा हिशेब मुकादमाच्या वहीआधी त्यांच्या तोंडात तयार असायचा, आणि वहीच चुकलेली निघायची, असं टोळीतल्या बायका सांगत. जाताना त्यांनी खूण सांगितली होती : सवितानं लहानपणी मांजराला मारायला तांब्या फेकला, मांजर गेलं निघून आणि तांब्याला पोचा पडला. तीनदा म्हणून दाखवली. मलाही म्हणायला लावली.

संक्रांत होऊन गेल्यावर एके दुपारी शाळेपुढं जीप थांबली. सविताचा सख्खा चुलता भानुदास उतरला, इस्त्रीचे कपडे, कपाळाला गंध. ड्रायव्हरला म्हणाला, ‘थांब बे, आलोच,’ आणि माझ्याकडं आला.

‘बाई, पोरीला न्यायचंय. आमची म्हातारी लई सीरियस हाय. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात टाकलीय. नातीचं नाव काढायलीय.’

सविता ऐकतच होती. तिचं तोंड एवढंसं झालं. आजीनंच तिला वाढवलेलं. ती दप्तर घ्यायला धावलीसुद्धा.

मी विचारलं, ‘खूण?’

‘हाय की. शेळीला तीन करडं झालती, त्यातलं एक पांढरं.’ त्यानं धडा म्हणावा तसं म्हटलं.

मला जत्रेचे आजोबा आठवले. म्हटलं, गडबडीत विसरला असेल, आजारपण आहे घरात. पण मन घेईना. मी म्हणाले, ‘काशीबाईंशी बोलून घेते. फोन लावा.’

त्यानं भावाला लावला. कधी नव्हे तो लागलाही. सविताचा बाप म्हणाला, ‘पाठवा बाई, माजीच परवानगी हाय.’ मी म्हणाले, ‘आईला द्या.’ तिकडं जरा कुजबुज झाली, मग काशीबाईंचा आवाज आला.

‘काशीबाई, खूण सांगा.’

त्या म्हणाल्या, ‘शेळीला तीन करडं झालती बाई. एक पांढरं.’

मी नुसतं ‘हं’ म्हटलं. तेव्हा त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सोडत, ‘शेळीला. तीन करडं. ध्यानात आलं का बाई? हीच खूण हाय. धाडा पोरीला.’

फोन बंद झाला. ही बाई विसरणारी नव्हती. नवरा शेजारी उभा होता, म्हणून तोंडानं ‘धाडा’ म्हणत होती, आणि खोटी खूण दोनदा सांगून मला ‘धाडू नका’ म्हणत होती. का, ते मला अजून कळलेलं नव्हतं.

मी सविताला आत नेलं. ती रडत म्हणाली, ‘बाई, जाऊ द्या ना, आजी हाय.’

‘सविता, खूण करडांची सांगतायत.’

‘काका चुकला असंल.’

‘तुझ्या आईनंही तीच सांगितली. दोनदा.’

तिनं डोळे पुसले, दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, ‘मंग मी न्हाई जात.’

आता वेळ काढणं आलं. कागद याच कामाला असतात. मी भानुदासला खुर्ची दिली, चहा दिला, अर्ज दिला. अर्जाची दुसरी प्रत मागितली. मग म्हटलं, ओळखपत्राची झेरॉक्स लागेल. तो म्हणाला, ‘बाई, म्हातारी मरंल तवर.’ मी म्हटलं, नियम आहे. तो नियम मी त्याच क्षणी केला होता.

तेवढ्यात शेवंताबाईंच्या फोनवरून छावणीतल्या दूध संघाच्या माणसाला लावला. तो आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी, गुरांची हजेरी घेणारा. मी विचारलं, वाडीवरची म्हातारी कशी आहे?

‘तिला काय झालंय बाई? आत्ताच पेंड कमी दिली म्हणून माझ्या सात पिढ्या काढून गेली. पण तिचा पोरगा येऊन सांगून गेलाय, परवा म्हशीजवळ दुसरा माणूस ऱ्हाईल. घरी लगीन हाय म्हणं.’

म्हातारी धडधाकट होती, याचा मला त्या अवस्थेतही आनंद झाला. पण लग्न कोणाचं, ते आता विचारायला नको होतं, आणि सविता चौदा वर्षांची होती. मी ग्रामसेवकांना बोलावलं, कारण खेड्यात बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं त्यांच्याकडं असते. ते आले, भले माणूस, पण सावध.

‘बाई, लग्न अजून लागलेलं तर नाही. लागलं तर बघू.’

‘लागल्यावर बघायला वऱ्हाडी असतात. तुमचं काम त्याच्या आधीचं आहे. नसेल जमत तर तसं लिहून द्या, मी जिल्ह्याला पाठवते.’

लिहून द्या म्हटलं की आपल्याकडं माणसं चटकन शुद्धीवर येतात. त्यांनी भानुदासला बाजूला घेतलं. भानुदासनं आधी नाही नाही केलं, मग आवाज चढवला. ‘आमच्या घरातलं तुमी कावून बघता बाई? मुलगा लई चांगला हाय, आमच्याच टोळीतला. पुढच्या हंगामाला जोडीनं जातील. पोरगी इथं उघड्यावर झोपती, तिचं काय वाईट-वंगाळ झालं म्हंजी? आमाला काळजी न्हाई का?’

खरं सांगायचं तर तो दुष्ट माणूस नव्हता. आमच्याकडं पोरीचं लग्न उरकायला भीती पुरते, आणि एकटा मुलगा असला की त्याचा कोयता पुरा करायला बायको लागते. सविताचं लग्न होऊन पुढच्या दसऱ्याला तिच्या डोक्यावर मोळी आली असती. मी म्हणाले, ‘भानुदास, काळजी तुमचीही खरी, माझीही खरी. पण कायदा आहे, आणि तिच्या जन्मतारखेचा उतारा मी आता ग्रामसेवकांच्या हातात देते आहे. लग्न लागलं तर लावणारे, जेवणारे, वाजवणारे सगळे अडकतील.’

तासाभरानं त्यानं लिहून दिलं की, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, ‘भावजय आली की तिला तोंड द्या मंग. तिनंच तर खूण दिलती.’

पुढचे दोन महिने मला त्याचीच काळजी होती. लग्न मोडल्याचा राग त्या बाईवर निघाला असेल का, मुलगी वाचवून मी आईला तर संकटात टाकलं नाही ना? हे कुठल्याच नमुन्यात लिहिता येत नव्हतं. कारखान्याच्या गावच्या अंगणवाडी सेविकेला सांगून मी त्यांची खबर घेत राहिले. ‘धडधाकट आहेत, मोळ्या वाहतायत,’ एवढं कळायचं. तेवढ्यावर दिवस काढले.

पाडव्याला हंगाम आटोपला, तोवर शाळेच्या वार्षिक परीक्षाही उरकल्या होत्या. टोळ्या परतल्या आणि काशीबाई शाळेत आल्या. मागं नवरा, दारात भानुदास. काशीबाईंची कातडी उन्हानं रापलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. मी उठून ‘या’ म्हणेपर्यंत त्यांनी सुरुवात केली.

‘काय वो बाई? आमी खूण दिली, आमी धाडा म्हणलो, तुमी कावून अडवली माझी पोरगी? चार माणसांत आमचं नाक कापलं. जमलेलं लगीन मोडलं. आता हिला करील कोण?’

शाळेभर ऐकू जाईल असा आवाज. पोरं खिडकीशी गोळा झाली. शेवंताबाई पदर खोचून पुढं येत होत्या, त्यांना मी डोळ्यांनी थांबवलं. मी मान खाली घातली. त्या बाईला त्याच घरात राहायचं होतं, त्याच टोळीत जायचं होतं. नोकरीत मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, पण त्या दिवशी मी पोटभर खाल्ली.

शेवटी नवराच म्हणाला, ‘जाऊ दे आता, झालं ते झालं.’

‘झालं कसं?’ काशीबाई त्याच आवाजात म्हणाल्या. ‘लगीन यांनी मोडलं, आता पोरीचं यांनीच निस्तरावं. आठवी झाली तिची. घाला म्हणावं अंबाजोगाईला मुलींच्या हॉस्टेलात नववीला. आमी काय जन्मभर घरी बसवून ठेवायची व्हय?’

नवऱ्यानं भानुदासकडं बघितलं, भानुदासनं जमिनीकडं. मी मुकाट्यानं शाळा सोडल्याच्या दाखल्याचं पुस्तक काढलं. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. आठवी झालेल्या मुलींच्या दाखल्यावर तिथं मी वर्षानुवर्षं ‘घरगुती कारण’ असं लिहीत आले होते, आणि घरगुती कारण म्हणजे काय ते लिहिणारीला आणि नेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असायचं. सविता टेबलाची कडा धरून उभी होती. मी लिहिलं आणि शाई वाळायला दाखला तसाच पुढं सरकवला.

काशीबाई म्हणाल्या, ‘काय लिवलंय? आमाला वाचता येत न्हाई म्हणून कायबी लिवाल.’

मी वाचलं, ‘शाळा सोडण्याचे कारण : पुढील शिक्षणासाठी.’

त्यांनी दाखल्याकडं बघितलं, मग लेकीकडं. आवाज तसाच भांडणाचा ठेवून म्हणाल्या, ‘आणिक एकदा वाचा.’

मी वाचलं, जरा मोठ्यानं.